समुपदेशकाच्या दाराशी

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली, की महाराष्ट्रातील ज्या थोड्याबहुत माध्यमिक शाळांत समुपदेशकासाठी म्हणून एक खोली राखून ठेवलेली आहे, त्या खोलीसमोर विद्यार्थ्यांची आणि पालकांची रीघ लागते. शास्त्र घ्यावे की वाणिज्य, तंत्रनिकेतनाची पदविका बरी की अकरावी-बारावीचा सरळ रस्ता बरा, मिळालेल्या टक्क्यांवर कोणते महाविद्यालय पदरात पडेल, अशा नाना प्रश्नांची उत्तरे मागण्यासाठी मुले तेथे मोकळेपणाने येतात, आणि त्या येण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. पुढे सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुट्टी संपली, की तीच खोली ओस पडते. वर्गातील चार जणांनी मिळून ज्याचे जिणे नकोसे केले आहे, घरातील रोजच्या कलहामुळे ज्याचे चित्त पुस्तकावर ठरत नाही, किंवा रात्र रात्र झोप न लागल्यामुळे जो पहिल्या तासाला बाकावर डोके टेकतो, असा विद्यार्थी त्या दारावरून दिवसातून चार वेळा जातो. पण आत पाऊल टाकत नाही. एकाच खोलीविषयी आणि तीत बसणाऱ्या एकाच व्यक्तीविषयी त्याच विद्यार्थ्याच्या मनात ही दोन भिन्न मते का असावीत, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

मानसिक आरोग्याविषयी समाजात अज्ञान आहे, वेडेपणाच्या शिक्क्याची धास्ती आहे, म्हणून मुले येत नाहीत, असे ठरीव उत्तर शिक्षण खात्याच्या परिपत्रकांपासून पालकसभांतील भाषणांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. युनिसेफने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मानसिक त्रास होत असल्यास दुसऱ्याचा आधार घेणे चांगले, असे मत देणाऱ्या १५ ते २४ वर्षे वयाच्या तरुणांचे प्रमाण २१ देशांत सरासरी ८३ टक्के भरले, आणि भारतात ते अवघे ४१ टक्के निघाले. एवढी मोठी तफावत केवळ योगायोगाची असू शकत नाही. परंतु तेवढ्यावर विचार थांबवणे मला मान्य नाही. आपण शाळेचे, खात्याचे किंवा घरचे कोणी नाही याची खात्री पटल्यावर मुले जे बोलू लागतात, त्यात अज्ञानापेक्षा पारखच अधिक आढळते. सांगितले तर घरी कळेल. आज मॅडमशी बोललो तर उद्या शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा होईल. तिकडे जाताना कोणी पाहिले तर ‘काय लफडं केलंस?’ असे सारा वर्ग विचारील, ही त्यांची कारणे वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर घडत आलेल्या गोष्टींवरून काढलेली अनुमाने आहेत, आणि ती बहुतांशी खरी आहेत. मुलांचा नकार हा त्यांचा दोष मानून तो घालवण्याचे उपाय शोधण्यापूर्वी, तो आपल्या व्यवस्थेविषयी दिलेला साक्षीदाराचा जबाब आहे असे समजून वाचावा, एवढेच मला या लेखात मांडावयाचे आहे.

मार्गदर्शनाची सेवा या देशात आली ती व्यवसायनिवडीचे बोट धरून. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांनी व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली, १९४७ साली पारशी पंचायतीने आपली स्वतंत्र कचेरी काढली, आणि १९५० च्या सुमारास तत्कालीन मुंबई सरकारनेही हे काम आपल्या अंगावर घेतले. पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था या नावाने राज्याला जी परिचित झाली तिचा उगम तोच. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात बहुद्देशीय शाळांची शिफारस केली, आणि अभ्यासक्रमाच्या अनेक वाटा फुटल्यावर मुलांना वाट दाखवणारा माणूसही हवा म्हणून प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकाऱ्यांची व करिअर मास्तरांची तजवीज सुचवली. त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, मार्गदर्शनाचा अर्थ अधिक व्यापक केला. केवळ नोकरीधंद्यापुरते नव्हे, तर विद्यार्थ्याच्या सर्व अडचणींच्या सोडवणुकीसाठी ते शिक्षणाचे अभिन्न अंग असावे आणि त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासूनच व्हावा, असे त्याने प्रतिपादिले. मात्र पैशाची व माणसांची चणचण जाणून, दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक, एवढी किमान मागणी त्याने पुढे ठेवली. ती किमान मागणीही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

या इतिहासाचा परिणाम मुलांच्या मनोवृत्तीवर आजही दिसतो. व्यवसायनिवडीच्या मार्गदर्शनाविषयी मराठी विद्यार्थ्याला परकेपणा वाटत नाही. पुण्यात मानसशास्त्रज्ञ डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीत बुद्धिमापनाचे व क्षमतामापनाचे काम दोन पिढ्यांच्या परिचयाचे झाले आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली उभारलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ‘वेध’ हा उपक्रम सुरू केला. त्यात निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे रंगमंचावर येऊन आपल्या आयुष्याची वाटचाल सांगतात, आणि ती ऐकायला मुले सभागृह भरून टाकतात. तेथे श्रोत्यांत बसलेल्या मुलाला ‘तुला काय झाले आहे?’ असे कोणी विचारीत नाही. तो ऐकतो, मनाशी ताडून पाहतो, आणि जे घ्यावयाचे ते घेऊन घरी जातो.

शासनाने मार्गदर्शन सार्वत्रिक करण्याचा मोठा प्रयत्न केला तो २०१६ साली. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या समस्त विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली, आणि शेती, कला, वाणिज्य, आरोग्य, तंत्र, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी कोणीकडे मुलाचा ओढा आहे, याचा अहवाल दर साल १५ लाखांहून अधिक मुलांच्या हाती पडू लागला. खेड्यातील ज्या मुलाला आपली आवड कोणती, हे कोणी कधी विचारलेच नव्हते, त्याला सरकारने ते विचारले, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण अहवाल हाती आल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्या कागदात नव्हते. ललित कलेकडे कल असल्याचे वाचून हरखलेल्या मुलीने तो कागद वडिलांपुढे धरला, आणि ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असे उत्तर आले, तर त्या बापलेकींच्या मध्ये बसून दोघांचेही ऐकून घेणारा माणूस तालुक्याच्या गावीसुद्धा मिळत नव्हता. मे २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने महाकरिअर पोर्टल खुले केले. माहितीचा तुटवडा त्याने पुष्कळ कमी केला. बोलायला माणूस मात्र तेथेही नाही, आणि मुले मागतात तो माणूसच.

ही पोकळी ओळखून तीत शिरलेल्या बाजाराविषयीही येथे लिहिले पाहिजे. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि भावी व्यवसाय सांगण्याचा व्यापार शहरांतून आणि निमशहरांतून बिनदिक्कत चालतो, त्यासाठी हजारो रुपये आकारले जातात, आणि काही शाळा आपली सभागृहेदेखील त्याला उपलब्ध करून देतात. बोटावरील रेषांचा आणि बुद्धीचा असा काही संबंध असल्याला शास्त्रीय आधार नाही. कर्ज काढून केलेल्या असल्या चाचणीचा फोलपणा ज्या घराला एकदा कळला, त्या घरातील मूल पुढे खऱ्या मानसशास्त्रज्ञावरही विश्वास ठेवील कसे?

आता त्या खोलीच्या दुसऱ्या उपयोगाकडे वळतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ च्या आरंभी देशभरातील सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हीच आपल्या चिंतेची प्रमुख कारणे असल्याचे ८१ टक्के मुलांनी सांगितले. वर्गात प्रश्न विचारायला आपण कचरतो, असे २८ टक्क्यांनी कबूल केले. आणि उच्च प्राथमिक वर्गांतून माध्यमिक वर्गांत जाताना शाळेविषयीचे व स्वतःच्या आयुष्याविषयीचे समाधान घटत जाते, असेही त्यात आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात २०२२ साली देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा, १,७६४, महाराष्ट्राचा आहे. हे विद्यार्थी शाळेतले तसेच महाविद्यालयातलेही आहेत; पण ज्या राज्याने मुलींची पहिली शाळा काढल्याचा अभिमान बाळगायचा, त्या राज्याला या आकड्यापुढे स्वस्थ बसता येणार नाही.

मग अशा वेळी शाळेतील समुपदेशकाकडे मूल का जात नाही? पहिले कारण असे, की बहुतेक शाळांत तेथे कोण जातो, हे मुलाच्या इच्छेवर सोडलेले नसते. तेथे पाठवले जाते. ज्याने बाकावर शिव्या कोरल्या, ज्याच्या दप्तरात मोबाइल सापडला, जो मधल्या सुट्टीत मारामारीत धरला गेला, त्याला वर्गशिक्षक आधी मुख्याध्यापकांपुढे उभा करतात आणि तेथून तो समुपदेशकाकडे रवाना होतो. त्यामुळे ती खोली शिस्तीच्या साखळीतील एक कडी होऊन बसते, आणि ‘जास्त बोललास तर काउन्सिलिंगला पाठवीन’ ही धमकी वर्गात सहज वापरली जाते. शिवाय ती खोली सहसा मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून असते, तिच्या दारापाशी शिपाई बसलेला असतो, आणि आत जाणाऱ्याचे नाव, इयत्ता व कारण एका वहीत लिहिले जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो आणि शेऱ्याचाही असतो, हे मुलांना ठाऊक आहे. त्या वहीतील मजकुराचा त्या रकान्याशी काही संबंध नाही, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे, आणि त्याचा निकाल केवळ सदिच्छेने लागणारा नाही. गुपित राखले जाईल काय, हा तो प्रश्न. नववीतील एखाद्या मुलीला शाळेच्या वाटेवर कोणी रोज त्रास देत आहे असे समजा. तिने ते समुपदेशकाला सांगितले, समुपदेशकाने कर्तव्यबुद्धीने ते घरी कळवले, आणि घरच्यांनी उपाय म्हणून तिची शाळाच बंद केली, मोबाइल काढून घेतला आणि स्थळे पाहायला आरंभ केला, असे घडताना तिने आपल्या गल्लीत पाहिलेले असते. त्रास दुसऱ्याने दिला आणि शिक्षा आपल्याला झाली, हा हिशेब जिला पाठ आहे, तिचे मौन म्हणजे अडाणीपणा नव्हे; हातात असलेले शिक्षण राखण्याचा तो तिला सुचलेला एकमेव मार्ग आहे. तिला ‘मोकळी हो’ असे सांगणाऱ्याने, ती मोकळी झाल्यावर तिची शाळा चालू राहील, याची हमी आधी द्यावयास हवी.

यातील कायद्याची बाजूही मुलांपासून लपवून चालणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये, अठरा वर्षांखालील बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास २१ व्या कलमाने शिक्षेची तरतूद आहे. बालकांच्या रक्षणासाठी हे बंधन आवश्यकच आहे. परंतु ज्या समुपदेशकाने पहिल्या भेटीत ‘तू काहीही सांग, माझ्यापाशीच राहील’ असे वचन दिले, त्याला तिसऱ्या भेटीत ते मोडावे लागले, तर त्या एका मुलीचाच नव्हे, तिच्या सगळ्या वर्गाचा विश्वास उडतो. याउलट, जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करीत असेल तर मला ते पुढे कळवावेच लागेल, कळवण्यापूर्वी मी तुला सांगेन, आणि त्याखेरीज बाकी सर्व या खोलीतच राहील, अशी मर्यादा जर आरंभीच स्वच्छ शब्दांत सांगितली, तर मूल काय सांगावे आणि केव्हा सांगावे, हे स्वतः ठरवू शकते. मुलांना अमर्याद गुप्ततेची अपेक्षा नसते; आपल्या मागे काय होणार, हे आधी कळावे, एवढीच त्यांची मागणी असते.

मुलग्यांचा संकोच निराळ्या जातीचा आहे. रडण्याची मुभा त्यांना लहानपणीच नाकारलेली असते, आणि मदत मागणे हा त्यांच्या मंडळींत दुबळेपणाचा कबुलीजबाब ठरतो. म्हणून ते बोलतातच तर मित्रापाशी बोलतात, आणि तोही त्यांच्याइतकाच अननुभवी असतो.

आदिवासी विकास खात्याच्या आश्रमशाळांतील मुलांचा विचार तर स्वतंत्र लेखात व्हावा इतका मोठा आहे. घरापासून दूर राहणाऱ्या, घरी कोरकू, भिल्ली, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या त्या मुलांच्या आयुष्यात जेवण, झोप, आजारपण आणि शिस्त या साऱ्यांचा अधिकार एकाच अधीक्षकाच्या हाती असतो, आणि तक्रार ज्याच्याविषयी करावयाची तोच पुष्कळदा तक्रार ऐकणाराही असतो. पोट दुखते, डोके दुखते, घरी जायचे आहे, एवढ्याच शब्दांत तेथील मूल आपले दुःख मांडते. ते आजाराच्या नोंदवहीत उतरते आणि गोळी देऊन निकालात निघते.

या सर्व शंका केवळ आपल्याकडच्याच मुलांच्या नाहीत. ऑस्ट्रेलियातील अमीलिया गलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली, तरुण मुले मानसिक त्रासात मदत का घेत नाहीत, याविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा लोकलज्जा, गुप्ततेविषयीचा अविश्वास, आपले दुखणे आपल्यालाच न ओळखता येणे, आणि आपले आपणच निस्तरावे ही जिद्द, हीच कारणे पुढे आली. मात्र आपल्याच देशात झालेले दोन प्रयोग मला त्याहून महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांनी नुसते कारण न शोधता मुलांचे मत बदलू शकते हे दाखवले. ते दोन्ही गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेशी निगडित आहेत.

पहिला बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत झाला. काही शाळांत किशोर-कल्याणाचा एक कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काही शाळांत तोच कार्यक्रम शाळेबाहेरून आणलेल्या, पदवीने मानसशास्त्रज्ञ नसलेल्या पण त्या कामासाठी तयार केलेल्या समुपदेशकाने चालवला, आणि काही शाळांत तो चालवलाच नाही. भित्तिपत्रक, मुलांचे गट, निनावी चिठ्ठी टाकण्याची पेटी आणि ज्याला हवे त्याला एकट्याने बोलण्याची सोय, असे त्याचे साधे स्वरूप होते. नववीतील मुलांवर झालेला परिणाम २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला: बाहेरच्या समुपदेशकाच्या शाळांत खिन्नता, दांडगाई आणि मारहाण घटली, शाळेचे वातावरण सुधारले; शिक्षकांनी चालवलेल्या कार्यक्रमाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. यावरून शिक्षक कमी कनवाळू असतात असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. माझ्या मते दोष आहे तो हुद्द्यांच्या मिश्रणाचा. जो माणूस सकाळी गृहपाठ तपासतो, दुपारी हजेरीपटावर लाल खूण करतो आणि वर्षअखेरीस गुण देतो, त्याच्यापुढे मुलाने संध्याकाळी मन उघडावे, ही अपेक्षा त्या दोघांवरही जुलूम करणारी आहे. मुख्य म्हणजे नालंदाच्या मुलांनी त्या नव्या माणसाकडे पाठ फिरवली नाही.

दुसरा प्रयोग दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतला. तेथे समुपदेशक उपलब्ध आहे, एवढेच कळवून काही वर्गांची वाट पाहिली गेली, तर काही वर्गांत समुपदेशकाने स्वतः जाऊन एक लहानशी चित्रफीत दाखवली, ताण म्हणजे काय, तो कसा ओळखावा आणि या खोलीत येऊन नेमके काय होते, यावर मुलांशी चर्चा केली. ज्या वर्गांत हा एक तास झाला, त्या वर्गांतून मदत मागणाऱ्यांची संख्या इतर वर्गांच्या कितीतरी पटींनी वाढली, आणि त्यांतील बहुतेक कोणी न पाठवता आपणहून आले. मुलांची उदासीनता जन्मजात असती, तर एका तासात ती इतकी ओसरली नसती.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्याच्या निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे फर्मावले आहे. त्याची अंमलबजावणी महाराष्ट्रात झाली तर हजारो शाळांत प्रथमच हे पद निर्माण होईल. ही संधी मोठी आहे, म्हणून तिच्या तपशिलाची मला काळजी वाटते. कंत्राटावर, अल्प मानधनावर, अकरा महिन्यांच्या मुदतीने नेमलेला माणूस दर वर्षी बदलत गेला, तर आठवीत ज्याच्यापाशी बोलायला धीर गोळा केला तो नववीत दिसणार नाही. दहा शाळांमागे एक, या कोठारी आयोगाच्या हिशेबाने तो फिरत राहिला, तर एका शाळेच्या वाट्याला पंधरवड्यातून एखादाच दिवस येईल. सोमवारी ज्याने पेटीत चिठ्ठी टाकली त्याला पुढच्या पंधरवड्याची वाट पाहावी लागेल. तोपर्यंत निकड भासणाऱ्या कोणालाही केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र खुला आहे, आणि तो प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावयास हवा, पण दूरध्वनीवरील अनोळखी आवाजाने शाळेतील माणसाची जागा भरून निघणार नाही.

नेमणुकीचे हुकूम निघतील तेव्हा वेतनश्रेणी आणि शैक्षणिक पात्रता यांच्या जोडीने त्यांत आणखी काही कलमे असावीत, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे: समुपदेशकाकडे शिस्तीची प्रकरणे शिक्षा म्हणून पाठवू नयेत, त्याला पर्यवेक्षण, परीक्षा किंवा बदली तासांचे काम देऊ नये, त्याच्या नोंदी मुख्याध्यापकांनाही त्याच्या संमतीवाचून पाहता येऊ नयेत, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक वर्गावर जाऊन, आपण काय गुप्त ठेवू आणि काय ठेवू शकणार नाही, हे मराठीत आणि जेथे मुलांची घरची भाषा वेगळी असेल तेथे त्या भाषेत सांगावे. या कलमांचा मसुदा पुण्याच्या किंवा मंत्रालयाच्या दालनात कायम होण्यापूर्वी तो निरनिराळ्या जिल्ह्यांतील आठवी-नववीच्या मुलामुलींपुढे ठेवावा. खोली कोठे असावी, दार कोणीकडे उघडावे, वहीत नाव लिहावे की नाही आणि घरी कळवण्यापूर्वी त्यांना काय विचारले जावे, यावर त्यांची जबानी घ्यावी, आणि ती जशीच्या तशी सरकारी दप्तरात नोंदवून घ्यावी.